ऑनलाइन कार इन्शुरन्स: या चुका टाळा, म्हणजे रात्री मला फोन करावा लागणार नाही

नात्यात आणि सोसायटीत कुणाचाही गाडीचा इन्शुरन्स संपत आला की फोन मला येतो. मी एजंट नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण मी पॉलिसीची पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत वाचतो, अशी माझी बदनामी झाली आहे. फोन रात्री साडेअकराला येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "काका, आज शेवटची तारीख आहे, कुठलं बटण दाबू?"

पहिली चूक तिथेच झालेली असते. तारीख उलटली की बहुतेक कंपन्या गाडीची तपासणी मागतात. मग चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चासी नंबरचा फोटो पाठवा, मंजुरीची वाट बघत बसा. तोवर गाडी रस्त्यावर काढायची सोय नाही. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड, पुन्हा सापडलात तर 4000. आणि 90 दिवस गेले की नो क्लेम बोनसवरही, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवरही पाणी. मी पंधरा दिवस आधी, सकाळचा चहा झाल्यावर बसतो. जुनी पॉलिसी शेजारी, तीही छापलेली. मोबाइलवर इकडून तिकडे उड्या मारत सगळे आकडे लक्षात राहतात म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. साइट विचारते, "मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का?" कित्येकदा 'नाही' आधीच निवडलेलं असतं आणि शेजारी बोनसचा आकडा हिरव्या रंगात चमकत असतो. साताऱ्याच्या माझ्या मावसभावाने तेच केलं. त्याचा बोनस 25 टक्के होता, साइटने आपणहून 35 धरला, हप्ता दोन हजारांनी उतरला, गडी खूश. आठ महिन्यांपूर्वी मागच्या दाराचा पत्रा चेपला होता आणि गॅरेजवाल्याने "क्लेममध्ये बसवतो" म्हणून कागदावर सही घेतली होती, हे तो साफ विसरला होता. सहा हजारांचं काम! क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

पुढे खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे धडक बसली. बॉनेट, रेडिएटर, दोन्ही दिवे. खर्चाचा अंदाज 84 हजार. सर्व्हेअर येऊन गेला, फोटो झाले. मग कंपनीने जुन्या कंपनीकडे चौकशी केली आणि तो दाराचा पत्रा बाहेर आला. चुकीची माहिती दिली म्हणून क्लेम नामंजूर. "दादा, मी कुठे खोटं बोललो? मी फक्त पुढे-पुढे दाबत गेलो," असं तो मला सांगत होता. मी काय बोलणार? काउंटरवरच्या कारकुनाने निदान चष्म्यावरून बघून "नक्की ना?" असं विचारलं असतं.

त्यामुळे माझी सवय अशी: वर्षभरातल्या गॅरेजच्या पावत्या पॉलिसीच्याच पाकिटात ठेवायच्या. कॅशलेस काम म्हणजे क्लेमच, मग तो बंपरचा का असेना. चुकून बोनस लागला असेल तर लगेच कंपनीला कळवून फरक भरायचा आणि दुरुस्तीचं पत्र घ्यायचं. अपघातानंतर कळवून उपयोग नाही. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, आणि पॉलिसी नावावर करायला 14 दिवसांत अर्ज करावा लागतो.

दुसरा लाडका गाढवपणा आयडीव्हीचा. साइटवरची ती पट्टी डावीकडे सरकवली की हप्ता उतरतो, म्हणून लोक खेळण्यासारखी सरकवतात. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली तर हातात पडणारी रक्कम. 4 लाख 80 हजारांची गाडी 4 लाखांवर आणलीत, तर 80 हजार तुम्ही स्वतःच सोडून दिलेत. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची धरतात. म्हणजे 4 लाखांवर आणलेली, सव्वातीन लाखांत दुरुस्त होण्याजोगी गाडीही भंगारात. हप्त्याची घासाघीस फक्त 'ओन डॅमेज'मध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात होते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीसाठी जून 2022 मध्ये तो 3416 रुपये ठरला, कुठल्याही साइटवर गेलात तरी तोच.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा असतो, ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचा. "तीन वर्षं बिनघोर" म्हणणारे दुसऱ्या वर्षी उघडे पडतात. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे नोंदवा. 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर पुन्हा घेऊ नका. झीरो डेप, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापणारं जादा कव्हर नसेल तर प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे तुमच्याच खिशातून जातात. नदीकाठी राहत असाल तर पाण्याने इंजिन बिघडलं तर कामी येणारं इंजिन प्रोटेक्शन घ्या, आणि ते असलं तरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. 2019 च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

आणि तो मोबाइल नंबर! नुसता भाव बघायला दिला तरी महिनाभर फोन थांबत नाहीत. भाव बघायला मी जुन्या बटणांच्या फोनचा नंबर देतो. पैसे भरताना मात्र खरा, कारण क्लेमचे मेसेज त्यावरच येतात. जुना फोन फ्रिजवर असतो. दुपारी वाजला की बायको उचलते आणि "साहेब गाडी विकून काशीला गेले" म्हणून ठेवून देते.