जबड्याच्या सांध्याचं दुखणं : माझा अनुभव

कानात ठणका लागायचा आणि घास चावताना कानापुढे कट् असा आवाज यायचा. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासला, काही निघालं नाही. कानापुढे बोटं ठेवून त्यांनी मला तोंड उघडायला लावलं आणि जळगावला दंततज्ज्ञांकडे पाठवलं. दुखणं जबड्याच्या सांध्याचं निघालं.

कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये एक छोटी चिवट चकती असते. ती जागची सरकली की आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. माझे मात्र गालाचे स्नायूही धरले होते, कारण झोपेत मी दात आवळायचो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो एका साध्या सवयीने : ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. खाताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. दुकानात गल्ल्यावर बसलो की हे आठवून आठवून करायचो. वरणबट्टीतली कडक बट्टी, भाजलेलं कणीस, सुपारी बंद. कळण्याची भाकरी वरणात कुस्करून, नाहीतर खिचडी आणि केळी. गालाला ओला गरम शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. रात्री झोपताना माझ्या दातांच्या मापाने बनवलेली प्लेट दातांवर.

काही आठवड्यांत ठणका ओसरला. दात झिजवून चावा (वरच्या-खालच्या दातांची जुळणी) बसवणं किंवा ऑपरेशन याची घाई अजिबात करू नका, बहुतेकांना साध्या उपायांनीच आराम पडतो. पण जबडा अडकला किंवा तोंड उघडेनासं झालं, तर लगेच दाखवा.