मुंबई-न्यूयॉर्क बिझनेस क्लास घेताय? आधी विमान कुठलं ते बघा

आईबाबांसाठी बिझनेस क्लास घेताय तर नुसतं एअरलाईनचं नाव आणि भाडं बघून बुक करू नका. एमिरेट्सच्या एअरबस ए३८० विमानात सीट १-२-१, म्हणजे एका रांगेत खिडकीशी एकेक, मधे दोन आणि त्यांच्यामध्ये चालायची वाट, त्यामुळे प्रत्येकाला उठून थेट बाहेर पडता येतं, पण नूतनीकरण न झालेल्या त्यांच्याच बोइंग ७७७ मध्ये २-३-२, तिथे खिडकीवाल्याला रात्री बाथरूमला जायचं तर झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात, गुडघेदुखीवाल्यांना हे फार जड जातं हो. कतार एअरवेजच्या क्यूस्वीटला, म्हणजे त्यांच्या बंदिस्त बिझनेस क्लास सीटला, सरकतं दार असतं, मधल्या काही सीट जोडून डबल बेडपण होतो, मात्र ते त्यांच्या सगळ्या विमानांत नाही, म्हणून सीट मॅप उघडून बघाच. आणि एमिरेट्स दुबईमार्गे, कतार दोहामार्गे जाते, तेव्हा मुंबई-दोहा किंवा मुंबई-दुबई टप्पा छोटाच, तुलना करायची ती तिथून न्यूयॉर्कपर्यंतच्या पुढच्या चौदा तासांच्या विमानाची.