गणिताचं वर्षभराचं नियोजन: पोर्शन संपतो, गणित मागे राहतं! या चुका टाळा

वार्षिक नियोजनाचा तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीसाठी भरायचा आणि मग वर्षभर लॉग बुकात त्याच्यामागे धावायचं, असं बऱ्याच हायस्कुलांत चालतं. चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) दोन धडे मागे, नाताळपर्यंत चार, आणि जानेवारीत रोज एक्स्ट्रा क्लास. यात शिक्षक कामात कमी पडला असं क्वचितच असतं. तक्ता करताना मोजायची ती वस्तूच चुकलेली असते. मोजायचे असतात पिरियड, आणि आपण मोजतो धडे.

इथली उदाहरणं गोव्यातल्या दहावीची आहेत. आठवी-नववीला आकडे बदलतील, पण हिशेब असाच करायचा.

आठवडे गुणिले सहा

आठवड्याला गणिताचे सहा पिरियड आणि सुट्ट्या वगळून शिकवायला २६ आठवडे, म्हणजे १५६ पिरियड. कागदावर हा आकडा भरपूर वाटतो आणि तिथेच फसगत होते. पावसाळ्यात रेड अलर्ट आला की आदल्या संध्याकाळी सुट्टी जाहीर होते. क्रीडा दिवस, स्नेहसंमेलन आणि त्याच्या तालमी, घटक चाचण्यांचे दिवस, शिक्षकांची प्रशिक्षणं, निवडणुकीची ड्युटी हे सगळं त्याच १५६ मधून जातं. पाचातला एक पिरियड जाणार असं धरूनच चाला. १५६ चे उरतात सुमारे १२५. नियोजन या १२५ चं करायचं.

हा आकडाही ढोबळच. नेमका हवा असेल तर भिंतीवरची दिनदर्शिका उतरवा, वेळापत्रक शेजारी ठेवा आणि वारानुसार मोजा. एखाद्या वर्गाचे सहापैकी तीन पिरियड सोमवार-शनिवारी पडले असतील आणि त्या वर्षी सुट्ट्याही नेमक्या त्याच वारांना आल्या, तर 'अ' तुकडी 'ब' च्या आठ-दहा पिरियड मागे राहते. मग एकच चाचणी दोन्ही तुकड्यांना देताना पंचाईत होते. हे जूनमध्येच दिसलं तर वेळापत्रक बघणाऱ्या शिक्षकाशी बोलून एक वार बदलून घेता येतो. ऑक्टोबरमध्ये कुणी बदलून देत नाही.

वेळापत्रकातली आणखी एक गोष्ट. सत्तरी, सांगे, काणकोण भागातल्या शाळांत लांबून बसने येणारी मुलं पहिल्या पिरियडला दहा मिनिटं उशिरा पोचतात. आठवड्यातून चार वेळा गणित पहिल्या पिरियडला असेल, तर त्या मुलांचा आठवड्याला एक पिरियड गेलाच म्हणायचा.

आणि मोजणी नेहमी परीक्षेच्या तारखेपासून उलटी करा. गोवा बोर्डाची दहावीची परीक्षा २०२४ मध्ये १ एप्रिलला सुरू झाली आणि २०२५ मध्ये १ मार्चला. एका वर्षात परीक्षा सबंध महिनाभर अलीकडे आली. ज्यांचा तक्ता जूनपासून पुढे मोजलेला होता, त्यांची उजळणी त्या एका महिन्यात गेली.

एप्रिल वाया घालवणं, किंवा एप्रिलवर जास्त भार टाकणं

२०२५ मध्ये सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. त्यानंतर मेची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. या तीन आठवड्यांबाबत चुका दोन्ही टोकांना होतात. काही जण ते ओळख-पाळखीत घालवतात. काही जण उत्साहाने त्रिकोणांची समरूपता सुरू करतात, मध्येच मे येतो आणि जूनमध्ये पाटी कोरी. एप्रिलसाठी स्वतंत्र उभे राहणारे, छोटे धडे घ्या: वास्तव संख्या आणि बहुपदी. मागच्या इयत्तेची तपासणीही याच दिवसांत उरका, तिच्याविषयी पुढे येतंच. जूनचे पहिले दोन पिरियड एप्रिलच्या उजळणीला धरून ठेवा. ते तक्त्यात लिहा, नाहीतर ते उरत नाहीत.

पानं बघून पिरियड वाटणं

जाड धड्याला जास्त आणि बारीक धड्याला कमी, हा हिशेब गणितात चालत नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात २०२३ पासून १४ धडे आहेत. १२५ पैकी १०५ पिरियड शिकवण्याला धरले, तर आमची वाटणी अशी: वास्तव संख्या ५, बहुपदी ५, दोन चलांतील रेषीय समीकरणं १०, वर्गसमीकरणं ९, अंकगणिती श्रेढी ९, त्रिकोण ११, निर्देशक भूमिती ६, त्रिकोणमितीची ओळख ११, तिचे उपयोग ६, वर्तुळ ५, वर्तुळाशी निगडित क्षेत्रफळ ५, पृष्ठफळ आणि घनफळ ९, सांख्यिकी ९, संभाव्यता ५. उरलेल्या २० पैकी ८ चाचण्या आणि त्यांचे पेपर वर्गात सोडवण्यासाठी आणि १२ दुरुस्तीसाठी.

त्रिकोणमितीला ११ बघून भुवया उंचावतात, कारण धड्यात स्वाध्याय तीनच. पण साइन, कॉस, टॅन ही मुलांसाठी नवी भाषा असते, आणि ती सूत्र पाठ करून येत नाही. पहिला पिरियड पूर्ण मोजमापाला द्या. एक कोन ३०° असलेले तीन काटकोन त्रिकोण काढायला लावा, पाया ६, ९ आणि १२ सेंटीमीटर. समोरची बाजू आणि कर्ण पट्टीने मोजायचे आणि भागाकार करायचा. ३.५ भागिले ६.९, ५.२ भागिले १०.४, ६.९ भागिले १३.९. प्रत्येक वेळी उत्तर ०.५ च्या आसपास येतं. त्रिकोण मोठा झाला तरी गुणोत्तर हलत नाही, हे मुलाने स्वतःच्या वहीत पाहिलेलं असेल तर साइन ३०° म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही. त्यापुढे एका गुणोत्तरावरून बाकीची काढायला तीन पिरियड, ठरावीक कोनांना दोन, नित्यसमानतांना चार आणि शेवटचा मिश्र उदाहरणांना. नित्यसमानतांचे चार तोडून दोन केले की काय होतं? मुलं सिद्धतेच्या दोन्ही बाजू एकदम हलवू लागतात, आणि हा रोग प्रिलिमपर्यंत बरा होत नाही.

धड्यांचा क्रम पुस्तकाचा आहे म्हणून तोच

पुस्तकाचा क्रम वाईट नाही, पण तो सुट्ट्या बघून लावलेला नाही. क्रम हलवायला हरकत नाही, फक्त काही गाठी सोडू नयेत. विभाजन सूत्राची सिद्धता समरूप त्रिकोणांवर उभी आहे, त्रिकोणमितीही त्यांच्यावरच. म्हणून त्रिकोणाचा धडा या दोन्हींच्या आधी. स्पर्शिकांची प्रमेयं शिकवण्यापूर्वी नववीची एकरूपता, विशेषतः काटकोन-कर्ण-बाजू कसोटी, ताजी हवी.

श्रेढी आणि वर्गसमीकरणांची गाठ सगळ्यात जास्त सुटते. श्रेढी सोपी म्हणून आधी उरकली जाते. आता हे उदाहरण बघा: २७, २४, २१ … या श्रेढीची किती पदं घेतली तर बेरीज १२६ होईल? सूत्रात किमती घातल्या की एन² − १९एन + ८४ = ० मिळतं, म्हणजे एन ७ किंवा १२. वर्गसमीकरण न झालेला वर्ग इथे अडतो. झालेल्या वर्गातली निम्मी मुलं 'एकच उत्तर बरोबर असणार' म्हणून १२ खोडतात. दोन्ही बरोबर आहेत. आठवं ते बारावं पद म्हणजे ६, ३, ०, −३, −६, त्यांची बेरीज शून्य. हे फळ्यावर एकदा मांडलं की 'दोन उत्तरं कशी' हा प्रश्न पुढे कुठल्याही धड्यात नीट हाताळला जातो. अशा उदाहरणाला पंधरा मिनिटं लागतात आणि ती द्यावीत.

संभाव्यता मात्र कुणावर फारशी अवलंबून नाही. तिला तुटक आठवड्यांत टाका. चवथीच्या सुट्टीआधीचे दोन-तीन दिवस माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-फुलांच्या सजावटीच्या) बाजारात जाणारे, घरी साफसफाईला राहणारे, गावाला गेलेले, अशी अर्धी बाकं रिकामी असतात. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीआधीही तसंच. त्या दिवशी नवीन प्रमेय सुरू केलं तर ते दोनदा शिकवावं लागेल. सांख्यिकीतलं मध्य काढण्याचं तक्त्याचं काम अशा दिवसांत छान चालतं, कारण राहिलेलं मूल नंतर ते वही बघून पुरं करू शकतं.

'मागचं येत असेल' असं धरून चालणं

किंवा त्याचं उलट: सगळंच येत नाही म्हणून पहिला महिना सातवी-आठवीची उजळणी. दोन्हींत पिरियड जातात. एप्रिलमध्ये ४० मिनिटांची २० प्रश्नांची तपासणी घ्या: चिन्हांसह पूर्णांक, अपूर्णांक, साधी रेषीय समीकरणं, अवयव आणि मोजमाप यांचे प्रत्येकी चार. गुण देऊ नका. प्रत्येक प्रश्न किती मुलांचा चुकला एवढंच मोजा. वर्गातल्या एक तृतीयांशाहून अधिक मुलांचा चुकला तर ते कौशल्य ज्या धड्यात लागणार, त्या धड्याच्या आरंभी दहा-दहा मिनिटं घ्या. त्याहून कमी असतील तर त्या मुलांना वेगळं बसवा. अवयव पाडता येत नसतील तर ते वर्गसमीकरणांच्या आदल्या आठवड्यात करायचं. जूनमध्ये केलेलं ऑगस्टपर्यंत टिकत नाही.

भाषेला पिरियड न देणं

हा मुद्दा बाहेरच्या नियोजन पुस्तिकांत सापडणार नाही. गोव्यात अनेक मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात येतात. लसावि, मसावि, परिमिती हे शब्द घेऊन आलेलं मूल एल.सी.एम., एच.सी.एफ., पेरिमीटर ऐकतं आणि ही नवीच काहीतरी भानगड आहे असं समजतं. दहावीपर्यंत संज्ञा पाठ होतात. पण गुण जातात ते गणिताबाहेरच्या शब्दांवर: 'रिस्पेक्टिव्हली', 'कन्सेक्युटिव्ह', 'नॉट मोअर दॅन', 'अ‍ॅट लीस्ट'. दोन नाणी उडवली, 'अ‍ॅट लीस्ट वन हेड' ची संभाव्यता काय? उत्तर तीन-चतुर्थांश. बरीच मुलं अर्धा लिहितात, कारण त्यांनी 'एकच छापा' असं वाचलेलं असतं. हिशेब बरोबर, प्रश्न दुसराच.

प्रत्येक धड्याच्या नियोजनात असे चार-पाच शब्द आधीच लिहून ठेवा. मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने: इंग्रजी शब्द, मराठी किंवा कोंकणी अर्थ, आणि एक छोटं वाक्य. शाब्दिक उदाहरणं सोडवण्याआधी दोन मिनिटं नुसतं वाचून घ्यायचं: काय दिलंय, काय विचारलंय, पेन खाली.

चाचणी घेतली, विषय संपला

शुक्रवारी धडा संपवून सोमवारी चाचणी घेतली की ती पाठांतराचीच होते. धडा आणि चाचणी यांत किमान आठवडा ठेवा आणि चाचणीत एक तरी प्रश्न त्याआधीच्या धड्यावरचा घाला. पेपर चार दिवसांत परत गेले पाहिजेत. तीन आठवड्यांनी मिळालेल्या पेपरात मूल फक्त गुण बघतं.

तपासताना शेजारी एक कागद ठेवा, चार खुणांचा: कल्पनाच कळली नाही, रीत बरोबर पण आकडेमोड चुकली, प्रश्न समजला नाही, सोडूनच दिला. प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक खूण. ४० पेपरांनंतर दुरुस्तीचे पिरियड कशावर घालायचे ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. आकडेमोडीच्या खुणा जास्त असताना धडा पुन्हा शिकवणं ही सर्रास होणारी चूक. तिथे रोज पाच मिनिटं तोंडी सराव पुरतो.

गेल्या वर्षीचा तक्ता, तारखा नव्या

थोडक्यात एवढंच: फ्रस्टम (शंकूछेद), ओजाइव्ह (संचित वारंवारतेचा वक्र), भौमितिक रचना, वर्ग पूर्ण करण्याची रीत हे २०२३ च्या पुस्तकातून निघालं. जुन्या तक्त्यात, जुन्या गाइडांत आणि काही ट्यूशन क्लासांत ते अजून फिरत असतं. दर वर्षी बोर्डाचं परिपत्रक आणि हातातलं पुस्तक समोर ठेवून पहिल्या आठवड्यात तक्ता तपासा.

मागे पडलातच तर

दुरुस्तीचे १२ पिरियड शेवटी एकगठ्ठा ठेवले असतील तर मागे राहिलेला पोर्शनच ते खाऊन टाकेल. म्हणून ते पसरून ठेवायचे: चवथीआधी २, पहिल्या सत्र परीक्षेनंतर ३, प्रिलिमआधी ३, प्रिलिमनंतर ४. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तक्ता आणि लॉग बुक शेजारी ठेवा. तीन पिरियडपर्यंत मागे असाल तर काही करू नका, जवळचा दुरुस्तीचा गट ते भरून काढतो. पाचच्या वर गेलात तर स्वाध्यायातली उदाहरणं कमी करा, संकल्पना नको. प्रत्येक स्वाध्यायातून वर्गात तीनच: एक सरळ, एक उलटं म्हणजे उत्तर देऊन पद किंवा बाजू विचारणारं, आणि एक शाब्दिक. बाकीची घरी. दहाच्या वर मागे असाल तर मुख्याध्यापकांशी बोलून डिसेंबरमध्येच जादा तासिका मागून घ्या, कारण जानेवारीत विज्ञानवाले आणि समाजशास्त्रवालेही त्याच शनिवारच्या रांगेत असतात.