कोलंबी सोला, पण मीठ चाखू नका

शेजारी हळद असली की कोलंबी सोलायला मला हाक येते. मी अलिबागच्या इस्राएल आळीतली, म्हणजे बेने इस्राएल यहुदी, त्यामुळे नव्या सुना दबक्या आवाजात विचारतात, "मावशी, तुम्हाला चालतं का हात लावलेलं?"

चालतं. आमच्या तोरातल्या (धर्मग्रंथातल्या) लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात नियम आहे तो खाण्याचा: पंख आणि खवले दोन्ही असतील तोच मासा. रावस, तारली, बांगडा ताटात येतात. कोलंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूळ येत नाहीत. मुशीला पंख आहेत, पण तिची खरखर कातडी फाडल्याशिवाय निघत नाही, म्हणून तीही नाही. त्याच अध्यायात डुक्कर वगैरे जनावरांच्या मढ्याला शिवू नका असं आहे खरं, पण तो शुद्धतेचा नियम यरुशलेमच्या मंदिराशी बांधलेला होता, आणि मंदिर इ. स. ७० मध्ये पडलं. मेलेल्या माशाला किंवा चिंबोरीला तर तेव्हाही स्पर्शाचा विटाळ नव्हता. आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याशी याची गल्लत करू नका.

जपायचं ते एवढंच, की न चालणाऱ्या जिनसाची चव आपल्या जेवणात उतरू नये. चव चिकटते तीन वाटांनी: उरलेला चिकटा, आच आणि तिखटपणा. थंड कोलंबी सोलल्यावर हात साबणाने घासले, नखांतलं काढलं, की काम संपलं. पण त्याच सुरीने कांदा, लसूण किंवा लिंबू कापू नका. ही तिखट-आंबट जिन्नसं सुरीतली चव ओढून घेतात, नुसतं धुऊन भागत नाही. त्यांच्यासाठी घरची सुरी वेगळी ठेवा. कालवण शिजताना "मावशी, मीठ बघा" म्हणतील, तेव्हा हसून नकार द्या. चाखून थुंकलं तरी चालत नाही.

बाजारातून मासा अख्खा आणा, हे माझं ठाम मत. खवले तुमच्या डोळ्यांनी दिसायला हवेत. सोललेल्या तुकड्यावर कोळणीचा शब्द पुरत नाही, ती कितीही ओळखीची असो. तिच्याकडूनच कापून घ्यायचा असेल तर आधी कोयता धुवायला सांगा, आणि घरी कापलेली बाजू सुरीने खरवडून धुवा.

आता जेवणाआधीचे हात. हे वेगळं, धर्मविधीचं प्रकरण आहे, साबणाने धुतलेल्या हातांनाही लागतं. पाव खाण्याआधी अंगठ्या काढा, बांगड्या मागे सारा. नखाजवळ चिकटलेला एखादा खवलाही काढा, कारण कातडी आणि पाणी यांच्यामध्ये काही आड येता कामा नये. काठ शाबूत असलेला, बिनतोटीचा पेला पूर्ण भरा. कमीत कमी मापावर मतं वेगळी आहेत, ८६ ते १५० मिलिलिटर धरतात. तांब्याभर पाणी घेतलं की वादच नको. नळाखाली थेट हात धरू नका, पाणी माणसाने भांड्यातून ओतलेलं हवं. आधी उजव्या हातावर दोनदा, मग डाव्यावर दोनदा, मनगटापर्यंत. पुसण्याआधी 'अल नेतिलात यादायिम'ची, म्हणजे हात धुण्याची, बराखा (स्तुतीची छोटी प्रार्थना) म्हणा, आणि पावाचा घास तोंडात जाईपर्यंत बोलू नका. आमच्या घरी हेच सगळ्यात कठीण!

तांदळाची भाकरी असेल तर ही बराखा लागत नाही, कारण ज्यांचा पाव धर्माने पाव धरला जातो त्या गहू, जव वगैरे पाच धान्यांत तांदूळ मोडत नाही. साबण मात्र तेव्हाही लावाच.