स्टेपमेनियासाठी स्टेप चार्ट कसा करावा: आधी लय जुळवा, मग बाण मांडा

गाणं वाजतं, पडद्यावर चार दिशांचे बाण सरकत येतात आणि ठेक्यावर पाय टाकायचा असतो. कोनामीने १९९८ मध्ये आर्केडमध्ये आणलेल्या डान्स डान्स रेव्होल्यूशनपासून हा खेळप्रकार जगभर पसरला. २००१ पासून उपलब्ध असलेला स्टेपमेनिया हा मुक्त स्रोत प्रोग्राम त्याच धर्तीचा आहे आणि त्यात कोणालाही आपल्या आवडीच्या गाण्याचा चार्ट, म्हणजे कोणत्या ठोक्यावर कोणता बाण येईल याची मांडणी, करून खेळता येतो. स्टेपमेनियाचा स्वतःचा एडिटर आहे, पण पहिल्या चार्टसाठी अ‍ॅरोव्होर्टेक्स हा विंडोजवर चालणारा मोफत एडिटर जास्त सोयीचा, कारण तो गाण्याची गती स्वतः शोधतो आणि ध्वनितरंग बाणांच्या मागेच दाखवतो.

नवशिक्यांचे बहुतेक चार्ट बाणांच्या मांडणीमुळे फसत नाहीत, लय न जुळल्यामुळे फसतात. म्हणून इथे जास्त जागा लय जुळवण्याला दिली आहे.

फोल्डर आणि गाण्याची फाइल

स्टेपमेनियाच्या साँग्ज फोल्डरमध्ये दोन पायऱ्या लागतात: आधी गटाचा फोल्डर, त्याच्या आत गाण्याचा फोल्डर. गाण्याचा फोल्डर थेट साँग्जमध्ये टाकला की खेळ त्यालाच गट समजतो आणि गाणं यादीत दिसत नाही.

गाण्याची फाइल ओजीजी प्रकारची ठेवा. एमपी३ बनवताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप जोडली जाते आणि वेगवेगळे प्रोग्राम ती वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळतात. त्यामुळे एका ठिकाणी नेमका बसलेला चार्ट दुसरीकडे वीस-पंचवीस मिलिसेकंद सरकलेला वाटतो. तुमच्याकडे एमपी३च असेल तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात उघडून ओजीजी करा, पण लय जुळवायच्या आधी. सगळं जुळवून झाल्यावर फाइल बदलली तर ते काम पुन्हा करावं लागतं. गाणं कापायचं असेल तर तेही आत्ताच. आर्केडमधली गाणी साधारण दीड ते दोन मिनिटांची असतात आणि पहिल्या चार्टला तेवढी लांबी पुरते. शेवटचे तीन-चार सेकंद आवाज हळूहळू उतरवला की कापलेलं कळत नाही.

आता अ‍ॅरोव्होर्टेक्समध्ये ही फाइल उघडा आणि चार बाणांच्या एकेरी प्रकारात नवा चार्ट जोडा.

लय जुळवणे

इथे दोन आकडे नेमके हवेत. पहिला बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके. दुसरा ऑफसेट, म्हणजे फाइल सुरू झाल्यापासून पहिला ठोका नेमका कधी पडतो. चार्टच्या फाइलमध्ये ऑफसेट उलट चिन्हाने लिहिला जातो: पहिला ठोका ०.३५० सेकंदावर असेल तर ऑफसेट −०.३५०. हाताने आकडा टाकताना हे चिन्ह हमखास चुकतं.

लय जुळवण्याच्या खिडकीत बीपीएम शोधण्याचं बटण आहे. ते दाबलं की काही सेकंदांत संभाव्य आकडे समोर येतात. पहिला आकडा बहुतेकदा बरोबर असतो, पण डोळे मिटून घेऊ नका. खरी गती १५० असताना ७५ किंवा २०० असे आकडे येऊ शकतात. गाणं लावा, बोटाने टेबलावर ठेका धरा, मिनिटभर मोजा. आकडा १४९.९८ असा आला आणि गाणं संगणकावर बनवलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत असेल, तर ते जवळजवळ नक्की १५०च आहे, पूर्णांक टाका.

छोट्या फरकाने किती नुकसान होतं ते पाहा. गती १५० आहे आणि तुम्ही १५०.०५ टाकलीत. तीन मिनिटांच्या शेवटी बाण ६० मिलिसेकंद लवकर पोहोचतील. स्टेपमेनियाच्या मूळ सेटिंगमध्ये पाय किती अचूक पडला यावर मिळणाऱ्या शेऱ्यांपैकी सर्वोत्तम शेऱ्यासाठी अलीकडे-पलीकडे २२.५ मिलिसेकंदांचीच मुभा असते आणि त्याखालच्या शेऱ्यासाठी ४५. म्हणजे अगदी अचूक खेळणाऱ्यालाही शेवटच्या कडव्यात दोन्ही शेरे मिळणार नाहीत.

मग ध्वनितरंग मोठा करा. ड्रमचा ठोका सरळ उभ्या भिंतीसारखा दिसतो. ठोक्याची रेघ त्या भिंतीच्या पायथ्याशी, म्हणजे आवाज जिथून चढायला लागतो तिथे हवी. सर्वात उंच टोकावर ठेवली तर चार्ट काही मिलिसेकंद उशिरा पडतो. पहिली रेघ समेवर, म्हणजे मापाच्या (चार ठोक्यांच्या गटाच्या) पहिल्या ठोक्यावर आहे ना, हेही बघा. रेघ दुसऱ्या ठोक्यावर बसली तर ऐकताना सगळं बरोबर वाटतं, पण पुढे प्रत्येक माप एका मात्रेने सरकलेलं राहतं आणि मांडणी करताना गोंधळ उडतो.

आता बाणावर टिक वाजवण्याची सोय चालू करा. प्रत्येक ठोक्यावर एक बाण ठेवून गाणं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐका. टिक आणि ड्रम मिळून एकच आवाज झाला पाहिजे. दोन आवाज फुटून ऐकू आले तर कारण असं ओळखायचं: चूक सगळीकडे सारखी असेल तर ऑफसेट चुकला आहे. चूक पुढे पुढे वाढत असेल तर बीपीएम. एका जागेपर्यंत सगळं ठीक आणि तिथून अचानक बिघडत असेल तर गाण्याची गती तिथे बदलली आहे, किंवा कापताना तिथे सांधा नीट बसलेला नाही.

हे ऐकताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. त्यांत आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो आणि तुम्ही ती दिरंगाई चार्टमध्ये भरून ठेवाल. तारेचा हेडफोन लावा. स्टेपमेनियामध्येही आधी यंत्राची स्वतःची दिरंगाई मोजून जुळवून घ्या, नाहीतर गाण्याची चूक कोणती आणि टीव्हीची कोणती ते कळणार नाही.

अनेक गाण्यांचे संच खेळलात तर आणखी एक गोष्ट जाणवेल. इन द ग्रूव्ह या खेळाच्या परंपरेतले चार्ट इतरांपेक्षा ९ मिलिसेकंदांच्या फरकाने जुळवलेले असतात. दोन्ही पद्धती रूढ आहेत, पण एका संचात दोन्ही मिसळल्या तर खेळणाऱ्याला प्रत्येक गाण्यावर पाय नव्याने जुळवावे लागतात.

लावणी, जुनी चित्रपटगीतं आणि डगमगणारी लय

आपल्याकडच्या गाण्यांची खरी कसोटी इथे लागते. ढोलकी, तबला, टाळ यांच्यासह प्रत्यक्ष वाजवून रेकॉर्ड केलेल्या गाण्यात लय श्वास घेते. मुखड्यापेक्षा अंतरा किंचित चढा, तोड्यानंतर आणखी चढा. अशा गाण्याला एकच बीपीएम लावला तर तो वीस सेकंदही टिकत नाही.

उपाय कष्टाचा आहे, पण भरवशाचा आहे. पहिल्या चार मापांपुरती गती बसवा. पुढे सरका, ध्वनितरंगावर पुढच्या मापाची सम शोधा आणि रेघ तिच्यापर्यंत येईल एवढीच मागच्या मापाची गती बदला. ११८.२, ११८.७, ११९.१ अशी माळ तयार होईल. बदल नेहमी मापाच्या सुरुवातीला टाका. प्रत्येक ठोक्यावर टाकू नका, कारण वादकाची नैसर्गिक हलचल आठ-दहा मिलिसेकंदांची असतेच आणि ती पकडायला गेलात तर बाण थरथरत सरकतात. फरक भरून काढायला मध्येच स्टॉप, म्हणजे बाणांचं सरकणं क्षणभर थांबवणारी खूण, टाकण्याचा मोहही टाळा, पडदा तिथे झटका खातो. शेवटी गाण्याच्या माहितीत दाखवायचा बीपीएम एकच द्या, म्हणजे यादीत चाळीस आकड्यांची रांग दिसणार नाही.

दादऱ्यातल्या गाण्यांना वेगळा विचार लागतो. एडिटरची जाळी, म्हणजे बाण ठेवण्याच्या रेघा, चार ठोक्यांच्या मापाची असते आणि दादरा सहा मात्रांचा. प्रत्येक मात्रेला एक ठोका मानलं तर सम दर वेळी मापाच्या वेगळ्या जागी येते. त्याऐवजी तीन मात्रांचा एक ठोका धरा. मग प्रत्येक मात्रा बाराच्या जाळीवर (मापाचे बारा भाग) नेमकी बसते आणि दर दोन ठोक्यांनी सम येते. केहेरवा किंवा धुमाळीला ही अडचण नाही, आठ मात्रा दोनाच्या पटीत सरळ बसतात.

बाण मांडणे

कळफलकावरचे १ ते ४ आकडे म्हणजे डावा, खालचा, वरचा आणि उजवा बाण. डाव्या-उजव्या कळीने जाळी बारीक-जाड होते, वर-खालच्या कळीने गाण्यात पुढे-मागे जाता येतं. आकडा दाबून धरून खाली सरकलं की होल्ड, म्हणजे पाय दाबून धरायचा लांब बाण, तयार होतो. मुख्य ठोक्यावरचा बाण साधारणपणे लाल दिसतो, अर्ध्यावरचा निळा. त्याहून बारीक जागांचे रंग निवडलेल्या बाणांच्या रूपानुसार बदलतात.

चार्ट ज्यात जतन होतो ती एसएम फाइल साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तर एक माप असं दिसतं:

१०००
००१०
०१००
०००१

चार ओळी म्हणजे चार ठोके: डावा, वर, खाली, उजवा. आता हे पायांनी करून बघा. डाव्या पायाने सुरुवात केली की पाय आलटून-पालटून सहज पडतात. हाच चार्टचा पाया आहे: लागोपाठच्या दोन बाणांवर एकच पाय यायला नको. प्रत्येक ओळ लिहिताना मनात ‘डावा, उजवा, डावा, उजवा’ म्हणत जा. डावा, वर, उजवा, वर, डावा असा क्रम आला तर तिसऱ्या बाणावर डावा पाय उजवीकडे जातो आणि अंग वळतं. हा क्रॉसओव्हर. जाणून-बुजून टाकला तर मजा येते, पण खेळणारा तिथे कोणत्या पायाने पोहोचतो हे आधीच्या बाणांनी स्पष्ट केलेलं हवं.

गतीचं गणितही ठेवा. १५० बीपीएमला एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा, अर्धा २००चा, पाव १००चा. पावच्या जाळीवर तोच बाण सलग चार वेळा ठेवलात तर एका पायाला सेकंदाला दहा वेळा आपटावं लागेल, जे होणार नाही. डाव्या होल्डवर एक पाय अडकलेला असताना उजव्याकडून अर्ध्या-अर्ध्यावर वर-खाली करून घेणंही तसंच थकवणारं. होल्ड चालू असताना फक्त मुख्य ठोके द्या.

कोणता आवाज पकडायचा हे ठरवून त्यावर टिकून राहा. कडव्यात ढोलकी धरली असेल तर तीच धरा, मुखड्याला गायकीवर या. ऐकू न येणाऱ्या जागी भरतीचे बाण घालू नका. खेळणाऱ्याचा कान पायाच्या आधी ते ओळखतो. मुखडा दुसऱ्यांदा आला की तीच मांडणी डावी-उजवी उलटी करून वापरा: ओळख राहते, कंटाळा येत नाही. उडी, म्हणजे दोन बाण एकदम, झांज किंवा जोरदार थापेसाठी राखून ठेवा.

आधी मधल्या पातळीचा चार्ट पूर्ण करा. सोपा चार्ट त्यातले निळे बाण काढून होतो. अवघड वेगळा लिहावा लागतो.

तपासणी

स्टेपमेनियामध्ये गाणी पुन्हा लोड करा. खेळताना एफ८ने ऑटोप्ले (खेळ आपोआप खेळतो) आणि एफ७ने बाणावर वाजणारी टाळी चालू होते. एकदा फक्त ऐका, मग पायांनी खेळा. चार्ट बोटांनी खेळून पास करू नका. पायांनी खेळायच्या पॅडवर गुडघे आणि तोल जे सांगतात ते कळफलक सांगत नाही.

एडिटरमध्ये केलेला बदल खेळात दिसत नसेल तर फोल्डर बघा. स्टेपमेनियाच्या स्वतःच्या एडिटरने जतन केलेली एसएससी फाइल तिथे असेल तर खेळ आधी तीच वाचतो आणि तुमची एसएम फाइल बाजूला राहते. दोन्हीपैकी एकच प्रकार ठेवा.

उरलं ते किरकोळ: यादीत वाजणारा तुकडा मुखड्यातला, बारा-पंधरा सेकंदांचा. बॅनर, म्हणजे यादीत दिसणारं गाण्याचं चित्र, ४१८ बाय १६४ पिक्सेलचं. गायक-वादकांची नावं मराठीत लिहिली तर लिप्यंतराची जागाही भरा, कारण खेळाच्या काही रूपांमध्ये (थीममध्ये) देवनागरी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. संच इतरांना देणार असाल तर गाणं मोकळ्या परवान्याचं किंवा स्वतःचं असावं. तसं नसेल तर ऑडिओ वगळून फक्त चार्टची फाइल द्या आणि गाण्याची आवृत्ती व लांबी सेकंदांसकट लिहा, म्हणजे समोरच्याला त्याच्याकडच्या गाण्यावर ऑफसेट जुळवून घेता येईल.