इंजिनिअरिंग न करता आयटीत कसं शिरावं

बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेली मुलं पहिला प्रश्न विचारतात, "कोणता कोर्स लावू?" कोर्स नंतर बघा. आधी काम ठरवा.

१. काम ठरवा. आयटी म्हणजे नुसतं कोडिंग नव्हे. माझी सुरुवात हेल्पडेस्कवर, फोन घेण्यापासून झाली. "प्रिंट निघत नाही" असा फोन आला की आधी विचारायचं, "शेजारच्या टेबलावरून निघते का?" निघत असेल, तर बिघाड बहुधा त्याच्याच कॉम्प्युटरात, नसेल, तर प्रिंटर किंवा नेटवर्क बघायचं. अशी शोधाशोध आवडत असेल तर सपोर्ट आणि नेटवर्किंगकडे वळा. दुसऱ्याच्या चुका पटकन दिसत असतील तर टेस्टिंग आहे: मोबाईल नंबरच्या रकान्यात नऊच आकडे टाकले तर काय होतं, मध्ये स्पेस सोडली तर काय होतं? बी.कॉम.वाल्यांनी तर कमीपणा मुळीच मानू नये. लेजर आणि जीएसटी नीट समजणारी माणसं ईआरपीच्या, म्हणजे कंपनीचे हिशेब, खरेदी, साठा एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात हवीच असतात.

२. मग वाट निवडा. दहावीनंतर ३ वर्षांचा डिप्लोमा करता येतो, किंवा आयटीआयचा १ वर्षाचा 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) ट्रेड. बारावीनंतर बीसीए ही कॉम्प्युटरची पदवी, त्यासाठी महाराष्ट्रात २०२४ पासून सीईटी घेतली जाते, म्हणून अर्जाची तारीख चुकवू नका. पदवीनंतर २ वर्षांचं एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पण गणिताची अट आधी तपासा. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली बी.एस. पदवी ऑनलाइन शिकता येते. तिला जेईई लागत नाही, आधी त्यांची पात्रता फेरी पार करावी लागते. मध्येच थांबावं लागलं तरी पूर्ण केलेल्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा मिळतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर ही फार मोठी सोय आहे.

३. पैसे भरण्याआधी फुकट शिकून बघा. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर लिनक्सचे (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) वगैरे धडे मराठी आवाजातही आहेत. महिनाभर रोज तासभर बसा. "नोकरीची १०० टक्के हमी" म्हणणाऱ्या क्लासला कर्ज काढून फी भरू नका. हे मी कळकळीनं सांगतो, कारण असे हप्ते फेडणारी मुलं मी पाहिली आहेत.

४. एक खरी वस्तू बनवा. ओळखीच्या किराणा दुकानाची उधारीची वही घ्या. तिचा छोटा प्रोग्राम करा. पायथन (प्रोग्राम लिहिण्याची भाषा) आणि एसक्यूएल (माहिती साठवण्या-शोधण्याची भाषा) वापरून दोन टेबलं करा: एक गिऱ्हाइकांचं, दुसरं व्यवहारांचं. शिल्लक वेगळी लिहून ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. ती दरवेळी व्यवहारांवरून मोजा. नाहीतर एखादी नोंद दुरुस्त केली की शिल्लक आणि व्यवहार जुळत नाहीत. नंतर दुकानदाराला वापरायला द्या. "चुकून दोनदा लिहिलं तर?" असं तो पहिल्याच दिवशी विचारेल, आणि तिथून खरं शिक्षण सुरू होतं. केलेलं काम गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम ठेवून इतरांना दाखवता येतात त्या वेबसाइटवर ठेवा.

५. अर्ज करा. बायोडेटा एका पानाचा ठेवा. त्यात प्रमाणपत्रांच्या आधी हा वहीचा प्रोग्राम येऊ द्या. मुलाखतीआधी आठवडाभर रोज पाच मिनिटं, मोठ्यानं, इंग्रजीत सांगा: दुकानदाराची अडचण काय होती, तुम्ही काय केलं, कुठे चुकलात आणि ते कसं सुधारलं.