मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसच्या (एकाहून जास्त चलांच्या कॅल्क्युलसच्या) पेपरची तयारी कशी करावी

बीएस्सीत हा पेपर ज्यांचा अडतो, त्यांचं बहुतेक वेळा बारावीचं कॅल्क्युलस कच्चं राहिलेलं असतं. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी पंधरा दिवस बारावीचंच पुस्तक काढा. चेन रूल, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, सब्स्टिट्यूशन आणि व्हेक्टरचे डॉट व क्रॉस प्रॉडक्ट न अडखळता आले पाहिजेत.

मग एक कोरी वही फक्त आकृत्यांसाठी ठेवा. झेड = एक्स² + वाय² घ्या आणि झेडला १, ४, ९ अशा किमती द्या. १, २, ३ त्रिज्येची वर्तुळं मिळतील. हेच लेव्हल कर्व्ह. पाणलोटाच्या कामात टेकडीच्या उतारावर सलग समतल चर खोदतात, तेही असेच: एका चराच्या रेषेवर उंची सगळीकडे सारखी. ग्रेडियंट, म्हणजे सगळ्यात तीव्र चढाची दिशा दाखवणारा व्हेक्टर, या रेषेला काटकोनात, चढाकडे असतो. पाणी त्याच्या उलट दिशेनं वाहतं. गावाजवळ असे चर असतील तर वही घेऊन जा आणि तिथंच बाण काढा. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरच्या थ्रीडी ॲपवर पृष्ठभाग फिरवून बघता येतो, पण आधी हातानं काढा.

लिमिटमध्ये दोन-तीन सरळ रेषा तपासून ‘लिमिट आहे’ असं लिहू नका. एक्स²वाय / (एक्स⁴ + वाय²) यात (०,०)कडे कुठल्याही सरळ रेषेनं गेलात तरी उत्तर ० येतं, आणि वाय = एक्स² या पॅराबोलावरून गेलात की १/२. म्हणजे लिमिट नाही.

पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये (बाकीची चलं स्थिर धरून एकाच चलानं काढलेलं डेरिव्हेटिव्ह) सगळ्यात जास्त मार्क जातात ते उलटा भागाकार केल्यानं. एक्स = आर कॉस थीटा, म्हणून ∂एक्स/∂आर = कॉस थीटा. मग ∂आर/∂एक्स म्हणजे १/कॉस थीटा, असं अनेक जण लिहून मोकळे होतात. आर² = एक्स² + वाय² वरून काढून बघा: तेही एक्स/आर, म्हणजे कॉस थीटाच येतं. कारण पहिल्यात थीटा स्थिर होता, दुसऱ्यात वाय. काय स्थिर धरलं ते प्रत्येक वेळी कंसात लिहायची सवय लावा.

मॅक्सिमा-मिनिमासाठी एक्स³ + वाय³ − ३एक्सवाय हे एक गणित नीट करा. दोन बिंदू निघतात: (०,०) आणि (१,१). इथं आर, एस, टी ही दुसरी पार्शल डेरिव्हेटिव्ह आहेत (हा आर वरचा त्रिज्येचा आर नव्हे): आर एक्सनं दोनदा, टी वायनं दोनदा, एस एकदा एक्सनं आणि एकदा वायनं. आरटी − एस² पहिल्यावर −९, म्हणून सॅडल पॉइंट, म्हणजे मॅक्सिममही नाही आणि मिनिममही नाही; दुसऱ्यावर २७ आणि आर = ६, म्हणून मिनिमम. आरटी − एस² शून्य आलं तर या कसोटीवरून काहीच ठरत नाही. तिथं फंक्शनच तपासावं लागतं.

डबल इंटिग्रलला सगळ्यात जास्त वेळ द्या. आत वाय हा एक्सपासून १पर्यंत, बाहेर एक्स हा ०पासून १पर्यंत, आणि फंक्शन ‘ई चा वाय² घात’. या क्रमानं आतलं इंटिग्रल हाती लागतच नाही. क्षेत्र काढा: (०,०), (०,१), (१,१) हा त्रिकोण. आता आडव्या पट्ट्या घ्या. एक्स ०पासून वायपर्यंत जातो, वाय ०पासून १पर्यंत. आत ‘वाय गुणिले ई चा वाय² घात’ उरतं आणि उत्तर (ई − १)/२. आकृती न काढता नुसत्या लिमिट अदलाबदल केल्या तर बाहेरच्या लिमिटमध्ये चल राहतं आणि उत्तर संख्या येत नाही. पोलरमध्ये (एक्स, वायऐवजी आर, थीटा घेऊन) जाताना ‘डीएक्स डीवाय’च्या जागी ‘आर डीआर डीथीटा’ येतं. तो आर विसरला की पुढचं सगळं चुकतं.

शिकवणी लांब पडत असेल तर एनपीटीईएलची (आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) व्याख्यानं फुकट आहेत. कॉलेजात नेट मिळालं की उतरवून ठेवा, गावी गेल्यावर रेंजचा भरवसा नसतो. आणि हिवाळी परीक्षेच्या तोंडावर घरी कापसाची वेचणी लागते, तेव्हा डबल इंटिग्रल दसऱ्याआधीच हातावेगळं करा. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी रोज दोन जुनी गणितं सोडवायला जमतात, नवा धडा जमत नाही.